स्वतःचं नाव स्वतःच द्यायचं?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कमिटीची मुदत संपत आली आहे. निवडणुकीची नोटीसही लागली. या खेपेला उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. बँकेतून निवृत्त झाले आहे, हिशेब कळतो, हाताशी वेळ आहे. पण घरचे म्हणतात, ‘कुणी सुचवलं तर बघ. आपणच आपलं नाव पुढे करायचं, हे कसंतरीच दिसतं.’ स्वतःचं नाव स्वतः देता येतं का? येत असेल, तर अर्जावर सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या कशाला मागतात?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी उत्तर, मग गप्पा. देता येतं. खरं तर तुमच्या सहीशिवाय तुम्हाला कुणी उभं करूच शकत नाही. उमेदवारी अर्जावर सूचकाने सही केली, अनुमोदकाने केली, दोघे इमारतीतले कितीही वजनदार असले, तरी उमेदवाराची संमतीची सही नसेल तर छाननीत तो अर्ज बाद होतो. तेव्हा ‘मला काही हौस नव्हती, लोकांनीच उभं केलं’ असं जे कमिटीवाले सांगतात, त्यांनीही नोटीस वाचून, अर्ज मागून आणून, चष्मा लावून त्यावर सही केलेली असते. ती सही करतानाचं चित्र कुणी सांगत नाही, एवढंच.

मग ‘कसंतरीच दिसतं’ हे आलं कुठून? माझा संशय आपल्या सभासमारंभांवर आहे. व्याख्यान असो, पुस्तक प्रकाशन असो, गणेशोत्सवातली वक्तृत्व स्पर्धा असो, सुरुवात ठरलेली : एक जण उठून म्हणतो, ‘आजच्या कार्यक्रमाचं अध्यक्षस्थान अमुक यांनी स्वीकारावं अशी मी सूचना करतो.’ दुसरा उठतो, ‘या सूचनेला माझं अनुमोदन आहे.’ टाळ्या. निमंत्रणपत्रिकेवर अध्यक्षांचं नाव पंधरा दिवस आधी छापलेलं असतं, ते स्वतः मंचाच्या पायरीशी उभे असतात, तरी हे घडतंच. एके काळी सभा जमल्यावर खरोखरच अध्यक्ष निवडायचा असे. त्या कामकाजाची ही राहिलेली खूण. लहानपणापासून हे बघून आपल्या मनात पक्कं बसलं की खुर्चीवर बसणाऱ्याने गप्प राहायचं आणि इतरांनी त्याला बोलवायचं. पंगतीतला पहिला नकार जसा कुणी खरा मानत नाही, तसा हा संकोचही कुणी खरा मानत नाही. पण पाळतात सगळे.

आता सूचक-अनुमोदक कशाला, हा तुमचा प्रश्न. त्याचं फार चांगलं उत्तर आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सापडतं. १९५२चा मूळ कायदा उदार होता. राष्ट्रपतिपदाला उभं राहायचं तर मतदारांपैकी, म्हणजे खासदार-आमदारांपैकी, एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे होता. अनामत रक्कम नव्हती. परिणाम असा की १९६७ साली तब्बल १७ उमेदवार रिंगणात उतरले. खरी लढत डॉ. झाकीर हुसेन आणि सरन्यायाधीशपद सोडून आलेले के. सुब्बा राव यांच्यातच होती. उरलेल्या पंधरांपैकी नऊ जणांना एकही वैध मत पडलं नाही. गंमत बघा, सूचकाचंही नाही आणि अनुमोदकाचंही नाही! सही द्यायला काय जातं, मत द्यायची वेळ येईल तेव्हा बघू, असा हिशेब असावा. चौधरी हरी राम नावाचे एक गृहस्थ तर १९५२ पासून १९६९ पर्यंत प्रत्येक राष्ट्रपती निवडणुकीत उभे होते.

शेवटी १९७४ मध्ये कायदा बदलला. किमान दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत अशी अट आली. १९९७ मध्ये ती पन्नास आणि पन्नासवर गेली, अनामत १५,००० झाली. शिवाय एका मतदाराने एकाच उमेदवाराच्या अर्जावर सही करायची. तेव्हापासून मतपत्रिकेवरची गर्दी ओसरली. लोकसभा-विधानसभेलाही हेच तत्त्व आहे : मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात.

तेव्हा सूचक आणि अनुमोदक हे तुमचे भाट नव्हेत. तुमची लायकी ते प्रमाणित करत नाहीत, तुमचं कौतुक करणं हेही त्यांचं काम नाही. मतदार यादीतल्या किमान दोघांना हे नाव मतपत्रिकेवर असावं असं वाटतं, एवढीच त्या सह्यांची साक्ष. मग सगळीकडे ही साक्ष लागतेच का? नाही. अमेरिकेत हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाच्या लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये सभाशास्त्राचं एक पुस्तक काढलं. तिथल्या क्लबांपासून चर्चच्या समित्यांपर्यंत अनेक संस्था आजही त्याच्याच सुधारलेल्या आवृत्त्यांवर चालतात. त्या नियमांप्रमाणे नाव सुचवायला अनुमोदन लागतच नाही. आणि सभासदाने स्वतःचं नाव स्वतः सुचवलं तर त्यात नियमाविरुद्ध काही नाही. तिथे कुणाला ते कसंतरी दिसत असेल तर तो त्यांच्या घरचा प्रश्न.

पण तुमच्या घरच्यांचं म्हणणं मी अगदीच उडवून लावणार नाही. त्या संकोचामागे एक खरी गोष्ट आहे आणि मराठी माणसाने ती फार मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कित्येक वर्षं निवडणुकीने ठरायचा. लेखकाने रीतसर अर्ज भरायचा, सूचक-अनुमोदक जमवायचे आणि संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या घटक संस्थांमधून आलेल्या हजार-अकराशे मतदारांकडे पत्रं, फोन, गाठीभेटी यांची मोहीम चालवायची. आयुष्यभर लिहिण्यात घालवलेला माणूस पुण्याहून नागपूरला आणि नागपूरहून औरंगाबादला ‘माझा विचार करा’ म्हणत फिरतोय, हे दृश्य कुणालाच शोभत नव्हतं. १९९२च्या कोल्हापूर संमेलनाच्या निवडणुकीत इंदिरा संत हरल्या आणि रमेश मंत्री निवडून आले. त्याची हळहळ अजून लोक बोलून दाखवतात. विंदा करंदीकर, विजय तेंडुलकर, भालचंद्र नेमाडे ही नावं संमेलनाध्यक्षांच्या यादीत नाहीत. प्रत्येकाची कारणं वेगळी असतील, पण अर्ज भरण्याची अट असलेल्या यादीत अशी माणसं सापडायची नाहीत, हे उघड होतं.

२०१८च्या बडोदे संमेलनाचे लक्ष्मीकांत देशमुख हे या पद्धतीने निवडून आलेले शेवटचे अध्यक्ष. पुढचं, जानेवारी २०१९चं यवतमाळ संमेलन. त्यासाठी महामंडळाने निवडणूक बाजूला ठेवून अरुणा ढेरे यांचं नाव एकमताने ठरवलं. तेव्हापासून तीच रीत आहे. एक हिशेब इथे सांगण्यासारखा आहे. १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पहिलं संमेलन झालं, तिथपासून २०१८ पर्यंत चार स्त्रिया अध्यक्ष झाल्या : कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष. त्यानंतर २०१९ ते २०२५ या सात संमेलनांतच दोन झाल्या, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. बंद खोलीत नाव ठरतं म्हणून मतदारांचा हक्क गेला, अशी तक्रार करणारे आहेत आणि तिच्यात तथ्य आहे. तरी माझं मत त्या बदलाच्या बाजूचं आहे.

आणि नेमक्या त्याच कारणासाठी तुमच्या सोसायटीच्या बाबतीत ते उलट बाजूचं आहे. संमेलनाचं अध्यक्षपद हा मान आहे. तीन दिवस मंचावर बसायचं, एक भाषण करायचं, वर्षभर निमंत्रणं सांभाळायची. मान मागावा लागला की त्याची चव जाते. सोसायटीच्या कमिटीत मान शून्य. तिथे टाकीची गळती, लिफ्टच्या देखभालीचा करार, सिंकिंग फंडाची ठेव, पार्किंगवरून हमरीतुमरी आणि रात्री साडेअकराला ‘पाणी गेलंय’ म्हणून येणारा फोन आहे. असलं काम कुणी होऊन मागत असेल तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? उलट आग्रहाखातर आलेला माणूस पहिल्या भांडणात ‘मी कुठे आलो होतो, तुम्हीच आणलंत’ म्हणून हात झटकतो. स्वतः अर्ज भरून आलेल्याला ती पळवाट नसते. वार्षिक सभेत त्याला थेट विचारता येतं : ‘बाई, तुम्ही मागून घेतलंत ना? मग रंगकामाच्या तीन कोटेशनांचं काय झालं?’

आता प्रत्यक्ष कामाचं. इथे घाई करू नका, कारण बहुतेक इच्छुक संकोचामुळे पडत नाहीत, कागदामुळे पडतात.

पहिली गोष्ट, मतदार यादी. आधी प्रारूप यादी लागते, हरकती घेतल्या जातात, मग अंतिम. प्रारूप यादी लागली की त्याच संध्याकाळी खाली उतरून आपलं नाव बघा. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, हे मी मुद्दाम विचारतो. आपल्याकडे घर ‘आमचं’ असतं पण शेअर सर्टिफिकेट ‘ह्यांचं’ असतं. सर्टिफिकेटवर तुमचं नाव पहिलं असेल तर प्रश्नच नाही. दुसरं असेल तर पहिल्या नावाच्या सदस्याच्या लेखी संमतीचा मुद्दा निघतो. तो अर्ज भरायच्या शेवटच्या तासाला काढू नका, यादीवर हरकती घ्यायच्या मुदतीतच निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला विचारून मिटवा. नाव मुळीच नसेल, तर तुम्ही सोसायटीच्या दृष्टीने रहिवासी आहात, सदस्य नाही. मग बँकेतला अनुभव कितीही असो, अर्ज घेतला जाणार नाही. ‘कुणी सुचवलं तर बघ’ म्हणणाऱ्यांना या खेपेला ही संमती लिहून द्यायला सांगता येईल, हे जाता जाता.

दुसरी, थकबाकी. मेंटेनन्सचं देणं लेखी मागणी होऊनही तीन महिन्यांच्या पुढे राहिलं तर सदस्य थकबाकीदार ठरतो आणि थकबाकीदाराला उभं राहता येत नाही. इथे खरी थकबाकी क्वचित असते. बहुतेक वेळा एखाद्या जुन्या दंडावरचं व्याज, वादात अडकलेलं पार्किंगचं शुल्क अशा शे-दोनशेच्या नोंदी खातेवहीत पडून असतात आणि छाननीच्या दिवशी प्रतिस्पर्धी त्या बरोबर बाहेर काढतो. तुम्ही बँकेतल्या. आपल्या खात्याचा उतारा आजच मागून घ्या, शिल्लक शून्य करा, पावती फाइलला लावा.

तिसरी, अर्ज कोणत्या पदासाठी आहे ते नीट समजून घ्या. तुम्ही सेक्रेटरी किंवा खजिनदार म्हणून उभ्या राहू शकत नाही. सदस्य निवडतात ती कमिटी. अध्यक्ष, सचिव, खजिनदार हे निवडून आलेल्या कमिटीने आपल्या पहिल्या बैठकीत आपल्यातून निवडायचे असतात. शंभरपर्यंत सदस्यांच्या सोसायटीत कमिटी साधारण ११ जणांची असते : सहा सर्वसाधारण, दोन महिला राखीव, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी एकेक. महिला राखीव जागा आहेत म्हणून तुम्ही तिथेच अर्ज भरायला हवा असं मुळीच नाही. सर्वसाधारण जागेवरही भरता येतो. पुष्कळ इमारतींत त्या दोन जागांवर नावं बायकांची आणि बैठकीला हजर नवरे, असा कारभार चालतो. इतिवृत्तावरच्या सह्या मात्र बायकांच्या. तुम्ही उभ्या राहणार असाल तर बैठकीलाही तुम्हीच जा.

बाकीचं थोडक्यात. अर्जात नाव मतदार यादीत आहे तस्संच लिहा, लोक हाक मारतात तसं नको. सूचक आणि अनुमोदक त्याच यादीतले, थकबाकी नसलेले घ्या. अपात्रतेच्या यादीत दोनहून अधिक अपत्यांचीही अट आहे. ती २००१च्या दुरुस्तीनंतरच्या अपत्यांबाबत असल्यामुळे निवृत्तीच्या वयाच्या माणसांना सहसा आड येत नाही. २५० पर्यंत सदस्य असलेल्या गृहनिर्माण संस्थांना २०१९च्या दुरुस्तीनंतर आपली निवडणूक आपणच घेता येते, त्याहून मोठ्यांची राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली होते. अर्ज दिल्याची वेळ घातलेली पोच घ्यायला विसरू नका.

आणि शेवटचा संभव असा, की हे सगळं करून निवडणूक होणारच नाही. अर्ज जागांइतकेच आले की सगळे बिनविरोध. छोट्या सोसायट्यांत बहुतेकदा हेच घडतं, कारण जिन्यात सगळे सल्ले देतात आणि अर्ज मात्र कुणी नेत नाही. तसं झालं तर तुमच्या घरच्यांना ‘लोकांनी निवडून दिलं’ असं सांगायला हरकत नाही. कायद्याने ते खरंच असेल.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात निवडणूक हात वर करून होते. मागच्या सभेत मला न विचारताच माझं नाव चिटणीस म्हणून सुचवलं, टाळ्या वाजल्या आणि मी हसलो. आता इतिवृत्तात ‘एकमताने निवड’ असं आलं आहे. सुटका कशी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हसलात तिथेच फसलात. ज्या संस्थेत लेखी अर्ज नाही, तिथे नाव घेतल्या क्षणी उठून ‘माझी संमती नाही, तशी नोंद घ्या’ एवढं स्पष्ट म्हणावं लागतं. गप्प बसणं ही संमती धरली जाते. अजून वेळ गेलेली नाही. इतिवृत्त कायम व्हायचं असेल तर पुढच्या सभेत त्यावर हरकत घ्या. कायम झालं असेल तर अध्यक्षांच्या नावे राजीनामा द्या, तोंडी नको, लेखी, आणि मंडळाचं दप्तर, शिक्का, पासबुक ज्यांच्याकडे सोपवाल त्यांची सही घ्या. पुढच्या वर्षीपासून मंडळात साधा एक पानी संमतिपत्राचा नमुना ठेवायला सांगा. हौशी सूचकांचा उत्साह तेवढ्याने बराच आवरतो.

प्रश्न : उमेदवाराने स्वतःलाच मत देणं सभ्यपणाचं आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अगदी सभ्यपणाचं आहे. लोकसभेच्या कित्येक उमेदवारांना ही सोय मिळतच नाही. देशात कुठेही मतदार असलं की लोकसभेला कुठूनही उभं राहता येतं. त्यामुळे ज्या मतदारसंघात उमेदवाराचं नाव यादीत नाही तिथे तो स्वतःला मत देऊ शकत नाही. सोसायटीत उमेदवार त्याच यादीतला असावा लागतो, तेव्हा मत हाताशी असतं. ते वाया घालवू नका. २००८ मध्ये राजस्थानात काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी यांचं नाव मुख्यमंत्रिपदासाठी घेतलं जात होतं, आणि नाथद्वारा मतदारसंघात ते एका मताने हरले. फक्त एक सांभाळा. सोसायटीच्या मतपत्रिकेवर एकाच नावावर शिक्का मारायचा नसतो. सर्वसाधारण गटात सहा जागा असतील तर सहापर्यंत शिक्के मारता येतात. सगळ्या शेजाऱ्यांचं मन राखायला सातवा मारलात तर ती मतपत्रिका बाद होते आणि तुमचं स्वतःचं मतही तिच्याबरोबर जातं.